दोन बंधांची वळकटी

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीला दुसऱ्या गावी जावं लागे, म्हणून वडिलांनी शाळेतून नाव काढलं. ही वही नातीची, शाळेत वापरून उरलेली. पुढच्या पानांवर तिची गणितं आहेत, म्हणून मी मागून लिहायला घेतलंय. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. मग माफी कुणाची मागते, ते मलाही नीट सांगता येणार नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा आवाज आत ओढला जातो. लिहिताना निदान कुणी तोंडाकडे बघत नाही.

मला गवताबद्दल लिहायचं आहे. घोड्यांच्या गवताबद्दल.

माझं माहेर पुण्याजवळच्या माणचं. आता तिकडे मोठमोठ्या कंपन्या आल्यात, पण माझ्या लहानपणी डोंगराचा उतार नुसता गवताचा होता. त्यातला एक तुकडा आमचा. नांगर चालेल अशी ती जमीन नव्हती. दगड आणि गवत, एवढंच. पण मारवेल आणि पवन्या या जातीचं गवत तिथे असं यायचं की आत शिरलेलं वासरू दिसायचं नाही. वडील कुसळी धरायच्या आत कापणी करायचे. कुसळ घोड्याच्या हिरड्यांत रुतलं तर तो आठ आठ दिवस तोंड लावत नाही, म्हणून त्यांची घाई असायची.

कापलेलं गवत चार-पाच दिवस उन्हात पसरायचं, उलथायचं, आणि खळखळ वाजायला लागलं की त्याची वळकटी करायची. ही रीत आमच्या वडिलांचीच. बाकी लोक पेंढ्या बांधून डोक्यावर खाली आणत. वडील उतारावर गवताचा लांब पट्टा घालत आणि वरच्या टोकाकडून आम्ही दोघं-तिघं गुडघ्यांनी दाबत दाबत, अंथरूण गुंडाळावं तसं ते गुंडाळत आणायचो. कमरेएवढा गोल गठ्ठा झाला की पीळ दिलेल्या गवताच्याच दोरीने मधोमध एक बंध. मग ती वळकटी उतारावरून खाली सोडून द्यायची. ती गडगडत थेट गाडीवाटेपर्यंत जायची. वडील खाली उभे राहून ओरडायचे, "सोड! आली आली! सोड दुसरी!" डोक्यावर वाहायचा त्रास वाचला म्हणून ते खूश, आणि आम्हा पोरांना तर तो खेळच होता. माझा धाकटा भाऊ एकदा वळकटीच्या पुढे पळत सुटला आणि तिच्याखाली सापडला. मीच त्याला ओढून काढलं. तोंडात गवत, नाकात गवत, आणि हा हसतोय. आई त्याच्या लहानपणीच गेली होती. त्याला कडेवर घेऊनच मी मोठी झाले. तो मला आक्का म्हणायचा.

वडिलांची आणखी एक रीत होती, आणि माझी सगळी गोष्ट तिच्यावरच आहे.

कापणीत पाऊस आला आणि एखादी वळकटी भिजली, तर ती वरून वाळते पण आत ओल राहते. दहा-पंधरा दिवसांत ती आतून तापते, मग बुरशी धरते. बाहेरून ओळखू येत नाही. बैल, म्हैस थोडंफार निभावून नेतात, घोड्याला ते विष. म्हणून भिजलेल्या वळकटीचा मधला बंध वडील काढून टाकायचे आणि दोन्ही टोकांना दोन बंध घालायचे, चांगले करकचून. दोन बंधांची वळकटी म्हणजे गोठ्यात अंथरायची, छपरावर घालायची, घोड्याच्या गिऱ्हाइकाला दाखवायचीसुद्धा नाही. अंधारात कुणी उचलली तरी हाताला दोन बंध लागावेत, हा त्यांचा हिशेब. आणि विकताना ते गिऱ्हाइकाला म्हणायचे, "कोपरापर्यंत हात घाल आन् बघ. थंड लागलं तर घे. ऊन लागलं तर माझ्या तोंडावर मार." त्यांनी माझा हात लहानपणीच असा तयार केला. आत हात घातला की मला बोटांच्या टोकांना कळायचं. चांगलं गवत आत थंड आणि कोरडं असतं, त्याला उन्हाचा वास येतो. बिघडलेलं ऊबदार लागतं, आणि हात बाहेर काढला की कुबट वास बराच वेळ जात नाही.

माझं लग्न दापोडीला झालं. धन्यांचा टांगा होता. रेल्वेच्या बाजूच्या आळीत मागे एक लांब पत्र्याची पागा होती, तिथे पाच टांगेवाल्यांचे पाच घोडे बांधत. इंग्रज जाऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. पिंपरीकडे कारखाने उभे राहायला लागले होते, टेशनावर उतरणारी माणसं वाढली होती, आणि टांग्यांना बरे दिवस होते. आमची कुमैत घोडी, म्हणजे तांबूस रंगाची, मागचा एक पाय गुडघ्यापर्यंत पांढरा. सासऱ्यांनी घेतलेली. ते वारल्यावर घरात आम्ही दोघं आणि ती. टांगा आमचा, घोडी आमची, म्हणून रोजची कमाई आमची. भाड्याचा टांगा हाकणाऱ्याच्या हातात संध्याकाळी काय उरतं ते मी आळीत बघत होते.

धनी टांगा हाकायचे आणि घोडीचं दाणापाणी मी बघायची. वळकटीचा बंध सोडायचा, बाहेरून एक एक थर उलगडायचा, दोन्ही हातांनी झटकायचा, पाण्याचा हलका हबका मारायचा आणि मग गव्हाणीत टाकायचा. हळूहळू बाकीचे टांगेवालेही गवत घेताना मला बोलावू लागले. बाजारातून भारे आले की सगळ्यांत म्हातारे टांगेवाले, ज्यांना सगळी पागा काका म्हणायची, ते दारातून हाक मारायचे, "सूनबाई, जरा हात घाल गं यात." मी पदर सावरून यायची, हात घालायची, मान हलवायची आणि परत जायची. हो किंवा नाही, एवढंच. पण माझ्या मान हलवण्यावर पाच घोड्यांचं गवत ठरायचं. आयुष्यात माझ्या शब्दाला एवढी किंमत तेवढी एकदाच आली, आणि ती मी न बोलता मिळवली होती.

वडील गेले आणि गवताचा तुकडा भावाकडे आला. त्या वर्षी दसऱ्याला घोड्यांना झेंडूच्या माळा घातल्यावर भाऊ पागेत आला. म्हणाला, "बाजारात कशापाई हिंडताय? आमचं गवत घ्या की. साठ वळकट्या देतो, सव्वा रुपायानं. आगाऊ पैसं तेवढं द्या, म्हंजी मला कापायला माणसं लावता येतील."

साठ वळकट्यांचे पंच्याहत्तर रुपये होत होते. प्रत्येकी पंधरा. त्या काळी पंधरा रुपये म्हणजे लहान रक्कम नव्हती. टांगेवाले एकमेकांकडे बघू लागले. मग काकांनी माझ्याकडे बघितलं. "काय सूनबाई? द्यायचे का?"

मी भिंतीशी उभी होते. सगळी पुरुषमाणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "माझा भाऊ आहे."

एवढं त्यांना पुरलं. काकांनी त्याच जागी कनवटीचे पैसे सोडले.

दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी मोठा पाऊस झाला. मला काळजी वाटली, पण म्हटलं वडिलांच्या हाताखाली वाढलाय, त्याला कळतं. भाऊबीजेला दुपारी तो बैलगाडी घेऊन आला. पवना नदीच्या पात्रातून गाडी आणताना बैल दमले होते. गाडीत बारा वळकट्या होत्या. "ही पहिली खेप," तो म्हणाला. "बाकीचं पंधरा दिसांनी. आन् ह्यातल्या दोन तुझ्या घोडीला, माझ्याकडनं ओवाळणी. त्या मोजायच्या न्हाईत."

मी त्याला पाटावर बसवून ओवाळलं. त्याने ताटात एक रुपया टाकला. मला फार बरं वाटलं. वडील गेल्यावर माहेर उरतं की नाही, ही भीती प्रत्येक बाईला असते. माझं उरलं होतं, आणि घोडीसाठीसुद्धा काहीतरी घेऊन आलं होतं.

वळकट्या उतरवताना एका वळकटीच्या दोन्ही टोकांना मला खोल वळ दिसले. घट्ट बांगडी काढल्यावर मनगटावर राहतो तसा वळ. मधला बंध मात्र सैल होता, आणि त्याची दोरी हिरवट. मी बोट लावून बघितलं. भाऊ पटकन म्हणाला, "गाडीला आवळून बांधल्या हुत्या, आक्का. वाट लई खराब."

तेवढ्यात काका आले. "सूनबाई, हात घातलास का?"

त्यावर एक तरुण टांगेवाला हसला. "काका, अवं भाऊबीजेचा लाडू बहीण फोडून बघती व्हय, आत काय हाय ते?"

सगळे हसले. भाऊसुद्धा हसला आणि मोठ्याने म्हणाला, "घाल की, आक्का. घाल हात. माझ्या म्होरंच घाल, म्हंजी काकांचं समाधान हुईल."

त्याच्या कपाळावर मी नुकताच लावलेला कुंकवाचा टिळा होता. माझा हात उठला नाही. परक्याच्या भाऱ्यात हात घालणं वेगळं. आपल्या भावाने आणलेल्या गवतात, त्याला ओवाळून झाल्यावर, पाच माणसांच्या देखत हात घालायचा म्हणजे त्याला चोर म्हणायचं. मी काकांकडे न बघता म्हणाले, "बघितलंय."

मी बघितलं नव्हतं.

काकांनी मान डोलावली. वळकट्या वाटून झाल्या, प्रत्येकाला दोन. आम्हाला वाटणीच्या दोन आणि वर ओवाळणीच्या दोन. भाऊ जेवून, बैलांना पाणी पाजून गेला.

पहिले पाच-सहा दिवस घोडीने आवडीने खाल्लं. बाहेरचे थर चांगलेच होते. मग आतल्या थरांतून झटकताना पांढरी धूळ उडायला लागली. मला वाटलं, वाटेची धूळ असेल. खरं सांगायचं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं. मी जास्त झटकायला लागले, पाणी जास्त मारायला लागले. घोडी तोंड लावून बाजूला व्हायची, माझ्याकडे बघायची. मी तिला म्हणायची, "खा गं, माहेरचं आहे." माणसांशी न बोलणारी मी तिच्याशी मात्र पुष्कळ बोलायची.

आठवडाभराने ती खोकली. कोरडा, पोटातून आलेला खोकला. धनी म्हणाले, "थंडी लागली असंल." त्यांनी तिच्या पाठीवर पोतं बांधलं, चंदीच्या हरभऱ्यात गूळ घालून दिला. दोन दिवसांनी शेजारच्या ठाणावरचा घोडा खोकला, मग काकांचा. धनी टांगा घेऊन बाहेर होते. मी दुसरी वळकटी आडवी केली आणि हात कोपरापर्यंत आत घातला.

आत ऊब होती. आजारी माणसाच्या काखेत असते तशी. हात बाहेर काढला तर बोटांना बुरशी लागलेली, आणि तो वास. मी वळकटी फिरवून बघितली. हिलासुद्धा दोन्ही टोकांना दोन खोल वळ होते. पागेत ज्या ज्या वळकट्या शिल्लक होत्या त्या सगळ्या मी बघितल्या. प्रत्येकीला दोन वळ.

गाडीला आवळलेल्या दोरीचा वळ एका बाजूने पडतो. हे वळ सगळीकडून गोल होते. कुणीतरी आधी त्यांना दोन बंध घातले होते, मग ते कापून मधोमध एक घातला होता.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी माणला गेले. धन्यांना म्हटलं, गवताची चौकशी करून येते. चालत गेले. वाटेत मी त्याच्या बाजूने पुष्कळ विचार केला. गड्यांनी केलं असेल. त्याला ठाऊक नसेल. पाऊस झाला, माणूस गडबडतो.

भाऊ घरी नव्हता. भावजय अंगणात होती. मला बघून ती दचकली, मग म्हणाली, "या, वन्सं. चहा टाकते."

"गवत कुठं आहे?" मी विचारलं.

"कंचं गवत?"

मी न विचारताच मागे खळ्यावर गेले. तिथे वळकट्यांची मोठी रास लागली होती. एकाच बंधाच्या. मी एकीत हात घातला. थंड, कोरडं, उन्हाचा वास. दुसरीत घातला. तेच. मला रडू यायला लागलं, कारण तो वास थेट वडिलांच्या सदऱ्याचा होता. भावजय मागे येऊन उभी राहिली.

"हे आमचं का?" मी विचारलं.

"न्हाई वन्सं. हे पुण्याला जायाचं. शर्यतीच्या घोड्यांना. तिथला ठेकेदार काट्यावर वजन करून घेतो, तिप्पट भाव देतो." ती पदराशी चाळा करत होती. "मी म्हनले हुते ह्यांला. म्हनलं, आक्कांच्या घोडीचं तरी ह्यातनं काढा."

"मग?"

तेवढ्यात भाऊ आला. मला रासीशी बघून तो क्षणभर थांबला, मग हसला. "आक्का! अगं सांगावा धाडायचा, गाडी पाठवली असती."

मी म्हणाले, "दोन बंध होते त्यांना."

"कशाला?"

"तू पाठवल्यास त्यांना. दोन बंध होते. कुणी कापले?"

त्याने भावजयीकडे बघितलं. ती आत गेली. मग तो रासीला टेकून उभा राहिला आणि समजुतीच्या आवाजात बोलायला लागला. "हे बघ आक्का. बाप आपला साधा मानूस. वरनं चार थेंब पडले की दोन बंध, गेलं गवत छपरावर. असं करून चालतंय व्हय आता? आन् टांग्याची घोडी काय शर्यतीला पळायची हायत का? टेशनावर उभी ऱ्हात्यात, रस्त्यावरचा कागद खात्यात. त्यांला काय धाड भरतीय?"

"घोडी खोकती आहे."

"खोकंल आन् बरी हुईल."

"आणि आमच्या बाकीच्या वळकट्या?"

"पैसं आलं की पैसं देतो. गवत ह्या साली न्हाई जमायचं. ठेकेदाराला शब्द दिलाय."

मी विचारलं, "मी तिथे हात घातला असता तर?"

तो खाली बघून पायाने गवत सारत होता. म्हणाला, "तू न्हाई घालणार, म्हाईत हुतं मला." मग जरा थांबून, जणू माझं कौतुक करावं तसं म्हणाला, "म्हनून तर भाऊबीजेला आनलं."

मी पाणीसुद्धा न पिता निघाले. भावजय वेशीपर्यंत मागे आली. तिने फडक्यात भाकरी बांधून दिली होती, ती मी घेतली. तिचा राग नव्हता.

परतीच्या वाटेवर मला त्याच्या फसवणुकीपेक्षा एकच गोष्ट टोचत होती. त्याला मी किती नीट माहीत होते! माझा भित्रेपणा, माझी भीड, ओवाळताना माझं काय होतं ते, सगळं. मी त्याला कडेवर घेऊन हिंडले तेव्हा तो मला शिकत होता, आणि शिकलेलं त्याने इथे वापरलं. परका माणूस मला असं फसवू शकला नसता. परक्याच्या गवतात मी हात घातला असता.

पागेत आले तेव्हा दिवस कलला होता. पाचही टांगेवाले होते. काकांचा घोडा मान खाली घालून उभा होता. काका म्हणाले, "सूनबाई, काय म्हणतो भाऊ? गवतात काय निघालं?"

मी म्हणाले, "गवत आतून नासलंय. फेकून द्या. बाकीचं येणार नाही." मग पुढचंही बोलले. "मी हात घातला नव्हता. खोटं बोलले."

भाऊबीजेला लाडवाचा विनोद करणारा तो तरुण टांगेवाला हळूच म्हणाला, "वा वैनी. आमची घोडी काय भावाला ओवाळायला ठेवली हुती व्हय?" काकांनी त्याला गप्प केलं. पण स्वतः ते माझ्याकडे न बघता उठले आणि गव्हाणीतलं गवत दोन्ही हातांनी बाहेर काढून फेकू लागले. धनी त्यांना मदत करायला लागले. मी पुढे झाले तर धनी म्हणाले, "राहू दे. आमी करतो."

काकांचा घोडा आणि दुसरा एक, दोन्ही महिनाभरात सुधारले. आमच्या घोडीने इतरांपेक्षा जास्त खाल्लं होतं, ते माझ्या हातून. मीच तिला लाडाने सगळ्यांपेक्षा दोन मूठ जास्त घातलं होतं. तिचा खोकला गेला नाही. चालताना बरी असायची, पण पळायला लागली की बरगड्या भात्यासारख्या हलायच्या. हॅरिस पुलाचाच काय, कुठल्याच पुलाचा चढ तिला पुरा होईना. सवारी मध्येच उतरून शिव्या देऊन दुसरा टांगा करायची. जनावरांच्या डॉक्टरांनी छातीला कान लावला आणि धन्यांना सांगितलं की हा दमा आहे, आता हलकं काम द्या. हलकं काम म्हणजे टांग्याचं नाही.

उन्हाळ्यात खडकीकडचा एक कुंभार माती वाहायला तिला घेऊन गेला. पावली चालायचं काम, तिला झेपेल, असं धनी म्हणाले. ती जाताना मी बाहेर आले नाही. टांगाही विकला. धनी दुसऱ्याचा टांगा भाड्याने हाकू लागले.

चार टांगेवाल्यांचे साठ रुपये माझ्या शब्दावर गेले होते. धन्यांकडे ते मागायचे नाहीत, असं मी ठरवलं. पवनेच्या काठी ओली हरळी चांगली यायची. मी रोज सकाळी खुरपं घेऊन जायची आणि एक भारा पागेत आणून टाकायची. चार आण्याचा भारा, तो ज्याच्या त्याच्या पंधरा रुपयांतून वजा. दोनशे चाळीस भारे. पावसाळ्यात काठ बुडायचा तेव्हा खाडे पडायचे, उन्हाळ्यात हरळी वाळायची तेव्हाही. दोन वर्षं लागली. मी भारा टाकला की टांगेवाला येऊन त्यात हात घालून बघायचा. ओल्या हरळीत बघण्यासारखं काही नसतं, तरी बघायचा. मी उभी राहायची, बघून होईपर्यंत. काकासुद्धा बघायचे. एकदा धन्यांनीही बघितलं, सवयीने, आणि मग हात मागे घेतला.

एकदा मुंबई रस्त्याच्या कडेला मातीची पोती लादलेली घोडी दिसली. आधी मला खोकला ऐकू आला, मग मागचा पांढरा पाय दिसला. मी भारा डोक्यावर घेऊन उभी राहिले. तिने मान वळवली. ती भाऱ्याकडे बघत होती की माझ्याकडे, ते मला कळलं नाही. मी भारा उतरवला, एक मूठ काढून तिच्यापुढे धरली. तिने आधी हुंगलं, बराच वेळ हुंगलं. मग खाल्लं. माझ्या हातातलं ती पूर्वी कधी हुंगत नव्हती.

त्या दोन भाऊबीजांना भाऊ आला नाही. ज्यांना भाऊ नाही त्या बाया चंद्राला ओवाळतात. मीही पागेच्या दारात उभी राहून चंद्राला ओवाळलं. शेजारीण म्हणाली, "का गं, माणचा भाऊ कुठं गेला?" मी म्हटलं, "कामात आहे."

तिसऱ्या भाऊबीजेला तो आला. सायकलवर, अंगात कोट, डोक्याला नवी टोपी. गवताचा धंदा त्याला चांगला फळला होता. बरोबर भावजयीने दिलेले करंज्यांचे डबे. तो आल्याचं कळल्यावर काका आणि आणखी दोघे दारात येऊन बसले. भाऊ सगळ्यांना राम राम घालत होता, हवापाण्याचं बोलत होता. घोडीची जागा रिकामी होती, तिकडे त्याने बघितलं नाही.

धनी म्हणाले, "आलाय तर ओवाळ."

मी पाट मांडला. निरांजन लावलं. त्याला टिळा लावला, ओवाळलं. तो हसून म्हणाला, "आक्का, राग गेला न्हवं?" आणि कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेल्या नोटा काढून ताटात ठेवल्या. दारातल्या माणसांना दिसतील अशा. "घे. भावाची ओवाळणी."

"एवढी ओवाळणी!" तो तरुण टांगेवाला म्हणाला. "वैनी, नशीब काढलं की."

भावाने हात जोडले आणि उठायला लागला.

मी म्हणाले, "बस."

तो बसला. मी ताट खाली ठेवलं. निरांजन बाजूला घेतलं, म्हणजे नोटांना आच लागू नये. त्याच्या कपाळावर ओला टिळा होता, समोर काका होते, धनी होते. मी नोटांची घडी उलगडली आणि त्याच्यासमोर, एक एक करून, पाटाच्या कडेवर मांडत मोजल्या. दहाच्या सात. पाचाची एक. मग पुन्हा एकदा मोजल्या. तो माझ्याकडे बघत होता. त्याचा चेहरा उतरला होता.

काकांनी विचारलं, "किती हाय, सूनबाई?"

"पंच्याहत्तर," मी म्हणाले. "गवताचे पुरे आहेत. फिटले."